वाळवलेला टोमॅटो: पाणी गेल्यावर उरतं काय?

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा व्यवहार क्रेटवर चालतो. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल. हा अख्खा क्रेट उन्हात वाळवला तर हाती येतात जेमतेम सव्वा किलो वाळलेल्या फोडी. देठ, डागी भाग आणि बिया काढल्या तर किलोभरच. बाकीचे अठरा-एकोणीस किलो हवेत गेले, कारण ताज्या टोमॅटोत शंभरातले ९४-९५ भाग पाणीच असतं. सुपरमार्केटात ‘सनड्राइड टोमॅटो’ची इवलीशी बाटली बघून डोळे पांढरे होतात, तेव्हा आधी हा हिशोब आठवावा. त्या भावात आयातीचा आणि फॅशनचा वाटा आहेच, पण बाटलीतला माल कित्येक पट टोमॅटो आटवून झालेला असतो हेही खरं.

वाळवण्यात टोमॅटोमध्ये नवीन काहीही येत नाही. फक्त पाणी जातं, आणि जाता जाता थोडं काही सोबत नेतं. त्याची पौष्टिकता, त्याची चव, तो टिकतो का आणि कधी धोकादायक होतो, हे सगळं त्या गेलेल्या (किंवा न गेलेल्या) पाण्यावर ठरतं.

पंधरापटीचा हिशोब

पाकिटावर किंवा एखाद्या आरोग्यविषयक व्हिडिओत सांगतात की वाळवलेल्या टोमॅटोत ताज्यापेक्षा चौदापट पोटॅशियम आणि अठरापट लायकोपिन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) असतं. आकडे खोटे नाहीत, तुलना फसवी आहे. १०० ग्रॅम ताजा म्हणजे एक टोमॅटो. १०० ग्रॅम वाळवलेला म्हणजे सुमारे दीड किलो टोमॅटो. एका बैठकीत दीड किलो टोमॅटो कोणी खात नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा विचारायचा: पाणी गेल्यामुळे सगळं साधारण पंधरापट दाट व्हायला हवं, तसं झालं का? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांवरून हे घरबसल्या तपासता येतं. १०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत पोटॅशियम सुमारे २३७ मिलिग्रॅम. पंधरापट केलं की साडेतीन हजाराच्या आसपास जातं. वाळवलेल्यात प्रत्यक्ष सापडतं सुमारे ३४०० मिलिग्रॅम. म्हणजे पोटॅशियम जागचं हललं नाही. खनिजं उन्हाने उडून जात नाहीत, हे अपेक्षितच. प्रथिनांचंही तसंच, ०.९ ग्रॅमवरून १४ ग्रॅम. लायकोपिन अडीच मिलिग्रॅमवरून ४५ मिलिग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे तेही शाबूत.

क जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी. ताज्यात ते १४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हिशोबाने वाळवलेल्यात २०० च्या वर हवं होतं; मिळतं ३९. पाचातले चार भाग गेले. क जीवनसत्त्व ऊब, उजेड आणि हवा या तिन्हींना घाबरतं, आणि वाळवणात तर तिन्ही एकदम असतात. ‘वाळवलेला टोमॅटो हा क जीवनसत्त्वाचा खजिना’ असं कुठे वाचलंत तर पुढे वाचायची गरज नाही. त्यासाठी पेरू आहे, आवळा आहे.

आता ताटात प्रत्यक्ष किती येतो ते बघू. एका माणसाच्या वाट्याला चार-पाच लहान फोडी, म्हणजे दहा ग्रॅम. त्यातून सुमारे २६ कॅलरी, चार-साडेचार मिलिग्रॅम लायकोपिन आणि साडेतीनशेच्या जवळपास मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. हे पोटॅशियम एका लहान केळ्याइतकं झालं. निरोगी माणसाला ही चांगलीच गोष्ट, पण मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम मोजून खायला सांगितलेल्या माणसाला चार वाळक्या फोडी दिसायला क्षुल्लक वाटल्या तरी त्या क्षुल्लक नाहीत. अशांनी आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

मिठाचाही हिशोब ठेवावा लागतो. बाजारातला बराचसा माल मीठ लावून वाळवलेला असतो, आणि त्यात १०० ग्रॅममागे दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम निघू शकतं. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण तेवढंच मीठ पुरे म्हणते. रक्तदाब असलेल्यांनी मीठ न लावलेला माल शोधावा, नाहीतर फोडी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं.

लायकोपिनबद्दल एक गोष्ट स्वयंपाकाच्या दृष्टीने कामाची आहे: ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. टोमॅटो शिजला की पेशींच्या भिंती फुटतात, लायकोपिन मोकळं होतं, आणि सोबत तेल किंवा तूप असेल तर आतड्यातून शोषलं जातं. कच्च्या कोशिंबिरीपेक्षा फोडणीतला टोमॅटो इथे बाजी मारतो. वाळवलेल्या फोडी ऑलिव्हच्या तेलात मुरवण्याची इटलीची रीत चवीसाठी पडली असेल, पण शरीरालाही ती सोयीची आहे.

जिथे ऊन आणि टोमॅटो एकाच वेळी येतात

टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला. दक्षिण इटलीत, म्हणजे पुलिया, कालाब्रिया आणि सिसिलीत, त्याला वाळवायची रीत पडली ती गरजेतून. तिथे टोमॅटोचा भर जुलै-ऑगस्टात असतो आणि तेव्हाच पाऊस जवळजवळ नसतो. लांबट, जाड गराचे, कमी बियांचे टोमॅटो उभे चिरायचे, कापलेल्या बाजूवर मीठ भुरभुरायचं, लाकडी फळ्यांवर मांडायचे आणि हिवाळ्याची बेगमी करायची. सिसिलीत ‘स्त्रात्तू’ नावाचा प्रकार आहे: टोमॅटोचा रस पाटांवर पसरून उन्हात उलथत-पालथत इतका आटवतात की गडद लाल, मातीसारखा गोळा होतो. त्याच बेटावरच्या विट्टोरिया भागातलं ‘कापुलियातो’ म्हणजे वाळवलेले टोमॅटो बारीक कुटून तेलात कालवलेले. पावाला लावून खातात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या उपाहारगृहांनी वाळवलेला टोमॅटो डोक्यावर घेतला आणि गरिबाची बेगमी एकदम उंची झाली.

आज जगभर जाणारा माल एकट्या इटलीतून येत नाही. तुर्कस्तान मोठा निर्यातदार आहे. इझमीरच्या आसपास उन्हाळ्यात शेतंच्या शेतं लाल फोडींनी झाकलेली असतात. इजिप्तमध्ये लक्सरजवळही हेच दृश्य दिसतं, फक्त तिथे ते हिवाळ्यात, कारण वाळवंटाच्या काठावर त्या दिवसांतही हवा कोरडी असते.

या लक्सरकडे आपण नीट बघायला हवं. कारण टोमॅटो वाळवायला नुसती उष्णता पुरत नाही, कोरडी हवा लागते. तापमान ३० अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तरच उघड्यावर वाळवावं असं साधारण मानतात. कोकणात मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, पण हवा दमट. तिथे टोमॅटो वाळण्याआधी बुरशी धरेल. नाशिक पट्ट्यातल्या खरीप टोमॅटोचा भर येतो ऑगस्टपासून पुढे, म्हणजे पावसातच. जुलै २०२३ मध्ये किलोला शंभराच्या पार गेलेला टोमॅटो सप्टेंबरात इतका कोसळला की नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. ‘वाळवून का ठेवत नाहीत?’ असं शहरातून विचारणं सोपं असतं. सप्टेंबरातल्या नाशिकच्या हवेत ते कसं वाळवायचं, हा प्रश्न त्यात राहून जातो. तिथे झाकलेली सौर सुकवणी यंत्रंच लागतात. छत्रपती संभाजीनगर भागात शेतकरी महिलांना अशी यंत्रं पुरवणाऱ्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ला २०२३ मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, तो याच दिशेच्या कामासाठी. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातला फेब्रुवारी-मार्च मात्र थेट वाळवणाचाच महिना: टोमॅटो स्वस्त, हवा कोरडी, आणि पापड-कुरडयांसाठी गच्ची तशीही झाडलेली.

घरी वाळवताना

टोमॅटो लांबट, घट्ट आणि पुरते पिकलेले घ्या. रसाळ, आंबट गावरान टोमॅटो सारासाठी ठेवा. वाळवला तर त्याची नुसती साल उरेल. उभे दोन भाग करा, बिया चमच्याने काढा (त्या आमटीत टाका, त्यांत चव असते), कापलेली बाजू वर ठेवून चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि पहिल्या दिवशीच्या बुरशीला रोखतं. ॲल्युमिनियमचं ताट नको, आंबटपणाने ते काळं पडतं. स्टीलची जाळी, बांबूचं सूप किंवा ताणून बांधलेलं सुती कापड उत्तम, कारण खालूनही हवा खेळते. वर मलमल किंवा मच्छरदाणीचा तुकडा हवाच. माश्यांना या गोड-आंबट वासाचा फार सोस.

संध्याकाळी घरात घ्या. रात्रीच्या दवात राहिला तर दिवसभराची कमाई जाते. कडक उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. ओव्हनमध्ये करायचं तर ६० ते ६५ अंश, दार किंचित उघडं, आणि आठ-दहा तासांहून जास्त वेळाची तयारी. इथे घाई करणारे पस्तावतात. तापमान वाढवलं की बाहेरचा थर झटपट कडक होतो आणि आतलं पाणी कोंडलं जातं. फोड हाताला वाळलेली लागते, पंधरा दिवसांनी बरणीत बुरशी दिसते.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? फोड वाकली पाहिजे, चिवट लागली पाहिजे, पण चिमटीत दाबली तर ओल लागता कामा नये आणि एकमेकींना चिकटता कामा नये. पूड करायची असेल तर आणखी पुढे, कडकडीत होईपर्यंत.

उघड्यावर वाळवलेल्या मालात किड्यांची अंडी असू शकतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यासाठी फोडी पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, ४८ तास ठेवा. किंवा ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पावसाळ्यात बरणीत पाखरं निघाली की उन्हाला दोष देतात.

साठवण, आणि तेलाचा गैरसमज

जंतूंना जगायला पाणी लागतं, पण सगळं पाणी त्यांच्या कामाचं नसतं. मीठ आणि साखर पाण्याला धरून ठेवतात. उरलेलं मोकळं पाणी तेवढं जंतूंना मिळतं. शास्त्रज्ञ हे मोकळं पाणी शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे १. बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर लागतं, बुरशा ०.७-०.८ पर्यंत तग धरतात, ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. नीट वाळलेला टोमॅटो या शेवटच्या हद्दीत असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो. अर्धवट वाळलेला मात्र कधीकधी ०.९ च्याही आसपास असतो. तो चवीला मऊ, रसदार, मला तर जास्त आवडतो. पण तो फ्रीजमधला पदार्थ आहे, कपाटातला नव्हे.

वाळवलेल्या फोडी गार झाल्यावर काचेच्या बरणीत पाऊणभर भरा आणि आठवडाभर रोज हलवा. सगळ्या फोडी सारख्या वाळलेल्या नसतात. या दिवसांत ओल त्यांच्यात सारखी वाटली जाते. काचेवर आतून बाष्प दिसलं तर पुन्हा उन्हात. मग हवाबंद करून अंधारात ठेवा, कारण उजेड आणि हवा लायकोपिनलाही मारतात. फोड लालाची तपकिरी होते. गार जागी सहा महिने, फ्रीजमध्ये वर्षभर चालतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात मोठी बरणी सारखी उघडू नये. आठवड्यापुरता माल छोट्या बरणीत काढून घ्यावा. टोमॅटोची पूड तर दमट हवेत तासाभरात गोळा होते.

आता तेल. लोणच्यावर बोटभर तेलाचा थर असला की ते टिकतं, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. त्यामुळे वाळवलेला टोमॅटो तेलात बुडवला की झालं, असा समज सहज होतो. लोणचं टिकतं ते मुख्यतः भरपूर मिठामुळे आणि आंबटपणामुळे. तेल फक्त हवा अडवतं आणि त्यामुळे वरची बुरशी थांबते. हवा अडवणं ही मात्र दुधारी गोष्ट आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवा नसली तरच वाढतो आणि त्याचं विष मज्जासंस्था लुळी पाडतं. त्याला तीन गोष्टी लागतात: हवा नसणं, पुरेसं मोकळं पाणी, आणि आंबटपणा कमी असणं, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं जास्त आंबट) ४.६ च्या वर. टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.९, या रेषेच्या दोन्ही बाजूंना. नीट वाळलेल्या टोमॅटोत मोकळं पाणीच नसल्यामुळे एकटा तो फारसा धोक्याचा नाही.

धोका येतो तो त्याच्या सोबत्यांमधून. त्याच बाटलीत आपण हौसेने ताजा लसूण आणि तुळशीची ओली पानं घालतो. लसूण जमिनीत वाढतो, त्या जिवाणूचे बीजाणू मातीतच असतात, आणि लसणात पाणी भरपूर, आंबटपणा नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाचा आजार, झाला. त्या तेलाला वास नव्हता, रंग बदललेला नव्हता. म्हणून घरी करताना: फोडी आधी व्हिनेगरमध्ये बुडवून निथळा, मग तेल घाला, बाटली फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. लसूण घालायचाच असेल तर वाढताना घाला. फ्रीजमध्ये ऑलिव्हचं तेल गोठून पांढुरकं दिसतं, ते बिघडलेलं नसतं. कारखान्यातल्या बाटल्यांमध्ये आम्ल मोजून घातलेलं असतं आणि त्या तापवून बंद केलेल्या असतात; पण एकदा उघडली की तीही फ्रीजमध्येच.

आणखी एक. वाळवण्याने सगळेच जंतू मरतात असं नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात अर्धवट वाळवलेल्या टोमॅटोंतून हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे होणारी एक कावीळ) पसरला आणि शेकडो माणसं आजारी पडली. विषाणू अन्नात वाढतच नाही, त्यामुळे पाणी नसलं तरी त्याचं अडत नाही, तो नुसता बसून राहतो. गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा यकृताचे रुग्ण घरात असतील तर फोडी शिजवूनच वापराव्यात.

बाजारातून घेताना रंग बघा. महिनोन्‌महिने पाकिटात राहूनही टोमॅटो भडक लाल असेल तर बहुधा त्याला गंधकाची प्रक्रिया केलेली असते. लेबलवर आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक) २२० ते २२८ मधला आकडा किंवा ‘सल्फाइट’ असा उल्लेख सापडेल. बहुतेकांना त्याने काही होत नाही, दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्रास होतो. गडद, किंचित तपकिरी टोमॅटो दिसायला मागे, चवीला पुढे.

कढईत

वाळवलेला टोमॅटो ताज्याच्या जागी जसाच्या तसा चालत नाही, कारण त्यात रस नाही. तो वापरायचा चव घट्ट करायला. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, म्हणजे तीच खोल, तोंडात रेंगाळणारी चव, जी जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारात शोधली आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. पाणी गेल्यावर ती कित्येक पट दाटते. त्यात साखर आणि प्रथिनं हळूहळू एकमेकांशी रंगतात आणि फळाचा कच्चा वास जाऊन खमंगपणा येतो.

कोरड्या फोडी गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा. मीठ फार नसेल तर ते पाणी वरणात किंवा रश्श्यात ओता. तेलातल्या फोडी थेट वापरा, आणि त्यांचं तेल फोडणीला. कात्रीने कापलेलं बरं, सुरीखाली त्या पळतात. एक ताजा टोमॅटो म्हणजे सुमारे सहा-सात ग्रॅम वाळवलेला, किंवा दोन लहान चमचे पूड.

पूड कडकडीत तेलात कधी टाकू नका. तिच्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साखर असते, क्षणात जळते आणि कडू होते. कांदा परतून झाल्यावर, थोडं पाणी घालून मग टाका. मटकीच्या उसळीत, मिसळीच्या कटात, पिठल्यात ती छान उतरते. आमटीत घातली तर आमसूल कमी करा, नाहीतर आंबटावर आंबट होतं. पास्त्यात ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि लसणासोबत वाळवलेल्या टोमॅटोची जागा ठरलेलीच आहे, पण माझ्या मते आपल्याकडे त्याचं खरं घर सुक्या चटणीत आहे. कडकडीत वाळलेल्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, भाजून कोरड्या केलेल्या लसणाच्या पाकळ्या, सुक्या मिरच्या, जिरं. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण फोडींत ते आधीच आहे. खलबत्त्यात कुटा, मिक्सरमध्ये दाण्याला तेल सुटून लगदा होतो. भाकरीवर घ्यायची, वर कच्चं तेल सोडायचं, म्हणजे लायकोपिनचंही काम होतं.